मदत हवी आहे: आमच्या जुन्या गावाला पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळावा आणि तो टिकावा यासाठी काय करता येईल?

राम राम मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका क वर्ग (म्हणजे लहान गावाच्या) नगरपरिषदेत मी नगरसेविका आहे, डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला कोणा माणसाची तक्रार करायची नाही आणि आमच्याकडचे बरेच जण इथे वाचतात.

तर आमच्याकडे पूर्णवेळ मुख्याधिकारी, म्हणजे पालिकेचा कारभार चालवणारा मुख्य सरकारी अधिकारी, नाही. शेजारच्या मोठ्या पालिकेच्या साहेबांकडे अतिरिक्त चार्ज आहे, ते येतात, बसतात, सह्या करतात, माणूस भला आहे पण त्यांचं स्वतःचं गावच एवढं मोठं की त्यांना आमच्याकडे बघायला वेळ कुठून मिळणार. ते नसतील तेव्हा सगळं थांबतं. ठेकेदाराचं बिल थांबतं म्हणून टाकीचं काम थांबतं, बांधकाम परवानग्या थांबतात, पाइपलाइनचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) टेबलावर तसाच, आणि उन्हाळ्यात आठ दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा बाया माझ्या दारात येऊन विचारतात, त्यांना मी काय सांगू, की सही करणारा माणूस आज इथे नाही?

अजून एक गोष्ट आहे आणि खरं सांगायचं तर मला जास्त ती खाते. गाव जुनं आहे. पारोळ्यासारखा खंदकवाला भुईकोट नाही आमच्याकडे, एरंडोलच्या पांडववाड्यासारखं नाव नाही, पण दोन वेशी अजून उभ्या आहेत, एक गढी आहे, पेठेत सागवानी खांबांचे नि कोरीव तुळयांचे वाडे आहेत, एक दगडी बारव आहे. वाड्यांच्या वाटण्या झाल्या की एक भाऊ म्हणतो पाडू, जुन्या सागाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, ट्रक येतो आणि दोन दिवसांत शंभर-सव्वाशे वर्षांचं लाकूड गेलेलं असतं. अर्ज आला तर तो बघायला नगर अभियंता लागतो, ते पदही रिकामं आहे. पूर्णवेळ साहेब असते तर निदान कोणीतरी पेठेतून चालत गेलं असतं, मालकाशी बोललं असतं.

हे सगळं नणंदेच्या मुलाशी बोलत होते, तो अमेरिकेत असतो. तो म्हणाला मामी, आमच्या इथे छोट्या गावांत कौन्सिल स्वतःच सिटी मॅनेजर नाहीतर सिटी ॲडमिनिस्ट्रेटर शोधतं. जाहिरात देतात, गावाची एक माहितीपुस्तिका छापतात, त्यात गावाचा इतिहास, बजेट, किती माणसं कामाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणती कामं करायचीत, काय अडचणी आहेत, सगळं लिहितात. उमेदवाराला बोलावून गाव फिरवतात, मुलाखत घेतात, करार करतात. व्हर्जिनियातल्या स्टँटन नावाच्या एका जुन्या गावाने १९०८ मध्ये असा पहिला माणूस नेमला म्हणे. त्यांची आयसीएमए नावाची संघटना आहे १९१४ पासूनची, तिच्या आचारसंहितेत असं आहे की एका गावात गेलात तर साधारण दोन वर्षं तरी राहावं.

मला माहितीये की आपल्याकडे असं नाही, मुख्याधिकारी एमपीएससीतून येतात आणि नगरविकास विभाग नेमणूक करतो, आम्ही जाहिरात काढू शकत नाही. पण ती पुस्तिकेची गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. आपण माणूस निवडू शकत नसू, पण गावाबद्दल खरं खरं लिहून वरती पाठवू शकतो ना?

म्हणून विचारते. सर्वसाधारण सभेत ठराव करून पूर्णवेळ अधिकारी मागितला तर त्याला काही वजन असतं का, की नुसता कागद फायलीला लागतो? तो कोणामार्फत, कधी पाठवावा? आणि जे स्वतः या पदावर आहेत किंवा होते त्यांनी कृपया मनापासून सांगा, क वर्गाच्या गावाला यायला अधिकारी नको का म्हणतात, आणि आलेला सहा महिन्यांत बदली का मागतो? गावाने काय केलं तर तो राहील?

पक्षाचं राजकारण इथे नको, हात जोडून विनंती.

प्रतिसाद:

बोरीकाठचा नाना

ताई, नगरपालिकेत कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, बरेच साहेब आले गेले बघितले. ठरावाला वजन असतं, पण ठराव कसा लिहिलाय त्यावर. नव्वद टक्के ठराव असे असतात की "अमुक साहेब द्यावेत" किंवा "अमुक साहेब नकोत". असा कागद वर गेला की लगेच कळतं की गावात दोन पार्ट्या आहेत, मग कोणीच तिथे यायला धजत नाही. तुम्ही नाव टाकूच नका. पद मागा, कारण लिहा, आणि जोडपत्रात कामांची यादी द्या, कोणत्या योजनेचा कोणता प्रस्ताव, कधीपासून, कोणत्या टप्प्यावर अडकलाय. नगरोत्थान असो की अमृत असो, कुठल्याही सरकारी योजनेचा पैसा परत जाण्याची भीती दिसली की वरचा माणूस कागद वाचतो.

पाठवायचा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत, एक प्रत नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला आणि एक नगरविकास विभागाला. आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वेळेचं म्हणाल तर बदल्यांचा २००५ चा कायदा वाचा. नेहमीच्या बदल्या एप्रिल-मे मध्ये, म्हणून तुमचा कागद त्याच्या आधी पोचलेला पाहिजे, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पाठवून उपयोग नाही. त्याच कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं धरलाय, मध्येच बदली करायची तर कारण लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे तुमच्या भाच्याच्या तिकडे दोन वर्षं तर आपल्याकडे कायद्यातच तीन आहेत, फक्त गाव कधी मागत नाही. आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारण सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये हेही त्यातच आहे, ते प्रभारी साहेबांना सन्मानाने दाखवता येतं.

अजून एक, माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं काम, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तुमच्या पालिकेचा मंजूर आकृतिबंध (कोणती, किती पदं मंजूर आहेत ते) काय आणि आज कोणती पदं कधीपासून रिक्त, एवढंच विचारा. ते उत्तर ठरावाला जोडा.

खान्देशकन्या

भाऊ-बहिनी, तोंडी काही मांगू नका, जे मांगनं शे ते लिखीसन मांगा. नानांना +१.

गट ब

मी सध्या राज्याच्या दुसऱ्या भागात मुख्याधिकारी आहे, म्हणून नाव-गाव नाही सांगत. ताई तुम्ही विचारलंय म्हणून मोकळेपणाने लिहितो.

क वर्गाचं गाव आम्हाला नको असतं असं नाही. राज्यसेवेतून गट ब मध्ये निवड झालेल्या बऱ्याच जणांची सुरुवातच अशा गावात होते, वय पंचवीस-तीस, उत्साह भरपूर. पण पहिल्या दिवशी ऑफिसात गेलो की कळतं अभियंता नाही, लेखापाल दोन पालिकांना मिळून एक, कर विभागाचा माणूस रजेवर. ही राज्य संवर्गातली पदं, म्हणजे मी स्वतः भरू शकत नाही. मग आरोग्य निरीक्षकाचं कामही मीच बघतो, रात्री पाणी सुटलं नाही तर फोन मलाच. राहायला जे क्वार्टर असतं ते पावसात गळतं, म्हणून मी जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेतो, आणि येऊन-जाऊन करणारा अधिकारी गावाचा कधी होत नाही. लग्न झालं असेल तर शाळेचा प्रश्न येतो. हे सगळे अधिकारी सहन करतात. ज्याने माणूस बदली मागतो ते वेगळं आहे. मोजमाप न झालेल्या कामाच्या बिलावर सही करा म्हणून चार जण केबिनमध्ये येऊन बसतात, आणि त्या वेळी जे नगरसेवक चांगले आहेत ते बाहेर गप्प उभे असतात. ऑडिटमध्ये वसुली माझ्यावर निघते, त्यांच्यावर नाही.

म्हणून तुमच्या पुस्तिकेत हे लिहा: कोणती पदं भरलेली आहेत (रिकामी लपवू नका), घरपट्टी-पाणीपट्टीची मागच्या तीन वर्षांची वसुली, किती देणी थकलीत, वीजबिल किती थकलंय, कोर्टात किती केसेस. साहेब येणारच आहेत तर त्यांना पहिल्या महिन्यात कळणारच आहे, आधी कळलं तर तुमच्यावर विश्वास बसतो. क्वार्टर दुरुस्त करून ठेवा, तो ठराव तुमच्या हातात आहे. आणि साहेब आले की सगळ्या नगरसेवकांनी एकत्र बसून सांगा की या वर्षी ही तीन कामं, बाकीची नंतर. सतरा वॉर्डांच्या सतरा याद्या देऊ नका.

वाड्यांचं तुम्ही लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. मला माझ्या गावात कोणी गढी दाखवायलासुद्धा नेलं नव्हतं.

खिरोदेकर

निवृत्त मुख्याधिकारी सल्लागार म्हणून मानधनावर का घेत नाही? आमच्या ओळखीत एका ठिकाणी असं चाललंय.

बोरीकाठचा नाना

सल्लागार घ्या, फायली तयार करून घ्या, पण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने जे अधिकार मुख्याधिकाऱ्याला दिलेत ते सल्लागाराला वापरता येत नाहीत. चेकवर, परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्याचीच. ताईंची अडचण सहीची आहे.

सागवानी

मी वारसा संवर्धनाचं काम करतो, आर्किटेक्ट आहे. ताई, साहेब येईपर्यंत वाड्यांसाठी थांबू नका. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतूद आहे, पण त्यासाठी आधी यादी लागते. यादीच नसेल तर उद्या कितीही चांगला अधिकारी आला तरी तो पाडकामाच्या अर्जावर कशाच्या आधारे नाही म्हणणार? वॉर्डनिहाय फिरून फोटो, मालकाचं नाव, अंदाजे वय, लाकूडकामाची स्थिती एवढी नोंद तुम्ही नगरसेवक, शाळा-कॉलेजची मुलं मिळून करू शकता, मग ती हरकती-सूचना मागवून पुढे न्यायची. गढी किंवा बारव पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे का तेही तपासा, केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचं क्षेत्र असतं, राज्याच्या यादीतलं असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागतो. आणि मालकांना खलनायक करू नका, धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर दर पावसाळ्यात गळतं, त्याला दुरुस्तीला सुतार मिळत नाही म्हणून तो विकतो. सुतार शोधून द्या, अर्धे वाडे तिथेच वाचतील.

ही यादी पुस्तिकेला जोडा. एखादा इतिहासाची आवड असलेला तरुण अधिकारी ती वाचून तुमचं गाव मागून घेईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, रात्री उशिरापर्यंत वाचत होते. गट ब दादा, तुम्ही बिलाच्या सहीचं लिहिलंत ते आमच्या सगळ्या नगरसेवकांना वाचून दाखवणार आहे. आमच्यातले बाहेर उभे राहणारे चांगले लोक मलाही माहीत आहेत, त्यांना आत यावं लागेल.

असं ठरवलंय: माहिती अधिकाराचा अर्ज मी स्वतः नागरिक म्हणून टाकते. पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन विषय घ्यायला नगराध्यक्षांना पत्र देते, पूर्णवेळ अधिकाऱ्याची मागणी नाव न टाकता, क्वार्टरची दुरुस्ती, आणि वाड्यांच्या नोंदीचं काम. वसुलीचे आकडे पुस्तिकेत द्यायचे म्हटल्यावर काही जण विरोध करतील, गावाची बेइज्जती म्हणतील, पण मी ते देणारच, कारण येणाऱ्या माणसाला फसवून आणलं तर तो कशाला थांबेल.

नाना, एकच अजून मागते. कामांच्या जोडपत्राचा तक्ता कसा असतो, कोणते रकाने लागतात, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता वेगवेगळी दाखवायची का, याचा एखादा जुना नमुना असेल तर नावं खोडून इथेच टाकाल का? सभेची नोटीस निघायच्या आत मला तो टाइप करून घ्यायचाय.