प्रतिसाद: पायथन बदला, पण ऐन आंब्यात नको

'चालतंय ना, मग पायथन ३.८ला हात कशाला लावायचा?' हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण ५ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ३.८ची मुदत ऑक्टोबर २०२४मध्येच संपली. आता त्यात भोक सापडलं तर बुजवायला मूळ मंडळी येणार नाहीत.

पण नवी आली की उडी मारायची, हेही नको. माझंच सांगतो. देवगडात आंबापेट्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. एकदा भर एप्रिलात, रात्री, हौसेनं ३.१२वर गेलो. सकाळी पेट्यांची लेबलंच छापेनात. 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्ट्युटिल्स'! ३.१२मधून डिस्ट्युटिल्स (पायथनसोबतच येणारं एक जुनं मॉड्यूल) काढूनच टाकलंय आणि आमची लेबलांची जुनी लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा कोड, नेमकी त्याच्यावर उभी. बाहेर टेम्पो खोळंबलेला, बागायतदार काका काही न बोलता माझ्याकडे बघतायत. मुकाट जुनं परत टाकलं. (३.१०पासूनच इशारे येत होते. वाचतो कोण!)

आता मी एक आवृत्ती मागे राहतो, आधी वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (चालू कामाला धक्का न लावता, बाजूला मांडलेल्या पायथनमध्ये) सगळ्या टेस्ट चालवतो. प्रत्यक्ष बदल जून-जुलैत, आंबा संपलेला असतो, मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा. फक्त तेव्हा लाइटचा भरवसा नाही, बॅकअप आधी घ्या.

तुमची नक्की कुठली लायब्ररी अडून बसलीय?