मुलींची स्टेजवरची कविता म्हणजे "मोठ्याने वाचलेली डायरी"?

किल्ली: काल इथे एकाने स्पोकन वर्डबद्दल, म्हणजे स्टेजवर म्हणायच्या कवितेबद्दल, लिहिलं, "तरुण मुलींचं स्पोकन वर्ड म्हणजे मोठ्याने वाचलेली डायरी. सगळ्यांचा विषय तोच, सूरही तोच." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिले. कवितेत एवढंच होतं, की अंधारात चालताना मी किल्ली बोटांच्या बेचक्यात धरते. दुसऱ्याच ओळीला आवाज कापायला लागला. संपल्यावर एक अनोळखी बाई आली, मूठ पुढे केली आणि म्हणाली, "मी अशी धरते." डायरी कोणी वाचू नये म्हणून लपवतात. मी हे तिच्यासाठीच म्हटलं होतं.

जुना वाचक: तो मीच. अनुभव खरा असेल, पण तेवढ्याने कविता चांगली होत नाही. एक ओळ तीनदा म्हणायची, श्वास रोखायचा, मग आवाज चढवायचा. कागदावर उतरवा आणि सांगा काय उरतं.

दुसरी रांग: कागदावर कशाला? नाटक काय संहिता वाचून पाडता का?

माजी परीक्षक: खरा घोळ गुणांचा आहे. १९८६ साली कवी मार्क स्मिथने शिकागोच्या ग्रीन मिल क्लबमध्ये स्लॅम, म्हणजे स्टेजवरच्या कवितांची स्पर्धा, सुरू केला. नेहमीची पद्धत म्हणजे प्रेक्षकांतले पाच परीक्षक, सगळ्यात वरचा आणि खालचा गुण बाद, उरलेल्या तिघांची ३० पैकी बेरीज. मीही एकदा बसलो होतो. एकीने आजीच्या हातांवर म्हटलं, मी ७ दिले. पुढचीने अत्याचारावर म्हटलं, ९.८. घरी जाताना मला माझीच लाज वाटली. मुलींना कळतं कुठल्या जखमेला किती गुण मिळतात, आणि मग त्या तेच लिहितात.

दुसरी रांग: दोष मुलींचा नाही, तुमच्या गुणांच्या पाटीचा! परीक्षक सामान्य प्रेक्षकांतले घेतात ते मुद्दामच. कवितेवर फक्त जाणकारांचा हक्क राहू नये म्हणून. आणि मुलगा स्टेजवर रडला की धाडस, मुलगी रडली की भांडवल?

जुना वाचक: भांडवल हा शब्द मी वापरलेला नाही. माझ्या तोंडी घालू नका.

माजी परीक्षक: मीही नाही. पण गुण काढून टाका, निम्म्या कविता बदलतील.

किल्ली: ओपन माईकला, म्हणजे कोणीही येऊन कविता म्हणावी अशा कार्यक्रमाला, गुण नसतात. माझी ती कविता तिथलीच. तरी तुम्हाला ती डायरीच वाटली असती.

एक आई: गुणांचं राहू द्या. माझी मुलगी महिनाभर बाथरूममध्ये नळ सोडून सराव करायची, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. कार्यक्रमात कळलं, कविता माझ्यावर आहे. मी तिला सतत "हळू हस" म्हणायचे. तिने ते हुबेहूब माझ्या आवाजात म्हटलं आणि थांबली. हॉलमध्ये बायका हसल्या, मग गप्प झाल्या. कागदावर ते दोन शब्द आहेत. स्लॅममध्ये ना वाद्य, ना वस्तू, ना वेशभूषा. तिच्याकडे फक्त आवाज होता, तोही माझा.

जुना वाचक: ठीक. हे कागदावर येणार नाही, एवढं मान्य. चढत्या सुराबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही.

किल्ली: घेऊ नका. ऐकायला या, मग भांडू.

माजी परीक्षक: आणि गुण?

दुसरी रांग: त्या आजीच्या हातांच्या कवितेला आज किती द्याल, ते आधी सांगा.