अंबाड्यातली चिठ्ठी: खरं की थाप?

विसरभोळी:
आम्ही जर्सीत असतो. लेकीला शाळेत अमेरिकन यादवी युद्धावर प्रकल्प आहे, तिने हेर बायका घेतल्यात. एकीने म्हणे अंबाड्यात चिठ्ठी लपवून नेली. माझ्या अंबाड्यात चार आकडे टिकत नाहीत! खरं आहे का हे?

खोडरबर:
खरं आहे. बेटी डुव्हाल. वॉशिंग्टनच्या रोझ ग्रीनहाऊ या विधवेने तिला जुलै १८६१ मध्ये धाडलं, शेतकरणीच्या वेषात. फेअरफॅक्सला दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या, जनरल बोनमसमोर तिने आकडे काढले, केस मोकळे सोडले आणि काळ्या रेशमात शिवलेली पुडी दिली. २१ जुलैला बुल रनवर उत्तरेची फौज पळाली. सगळं श्रेय अंबाड्याला देऊ नका मात्र, उत्तरेची फौज निघणार याची कुणकुण दक्षिणेला आधीच होती.

रिचमंडवासी:
माझं मत एलिझाबेथ व्हॅन ल्यूला. नऊ वर्षं रिचमंडात राहतोय. चर्च हिलवर तिचा वाडा होता. पाडला, आता तिथे शाळा आहे. उतारावरून खाली लिबी तुरुंगाच्या जागेपर्यंत मी चालून पाहिलं, बारा मिनिटं. राहायची दक्षिणेच्या राजधानीत आणि काम करायची उत्तरेचं! उत्तरेच्या कैद्यांना खाणं, पुस्तकं पोचवायची, येताना बातम्या आणायची. ती वेडीचं सोंग घ्यायची असं सांगतात, ते मला पटत नाही. वेडीला तुरुंगाच्या दारात कोण उभं करील? घरंदाज बाई, हातात खाण्याची टोपली, म्हणून तर निभावलं. संकेतलिपीची किल्ली घड्याळाच्या डबीत ठेवायची. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने तिला इथली पोस्टमास्तर केलं. गावाने मात्र वाळीत टाकलं ते टाकलंच.

विसरभोळी:
निदान नोकरी तरी मिळाली. बाकीच्यांना?

खोडरबर:
गुलामीतून पळून आलेल्या, उत्तरेसाठी हेरगिरी करणाऱ्या हॅरिएट टबमनचं बघा. जून १८६३, साउथ कॅरोलिना. तिच्या माणसांनी काढलेल्या माहितीवर उत्तरेच्या बोटी कंबाही नदीत शिरल्या, सातशेवर गुलाम सुटले. पेन्शन १८९५ मध्ये, महिना ८ डॉलर, तेही सैनिकाची विधवा म्हणून! १८९९ मध्ये २० झाले, कारण दाखवलं परिचारिकेच्या कामाचं.

रिचमंडवासी:
आठ डॉलर. तेही नवऱ्याच्या नावावर.

विसरभोळी:
लेकीने अंबाडा रद्द केला, आता टबमन. पुठ्ठ्यावर नदी काढायला बसलीये आणि निळा रंग संपलाय. चालले आणायला.