कौन्सिलविरुद्ध तक्रार: ओम्बड्समन की रिव्ह्यू?

फाइलवाला
इंग्लंडपुरतं बोलतोय, स्कॉटलंड-वेल्सची रीत वेगळी. "आधी तक्रार करा, पुढे ओम्बड्समन (सरकारी कारभारावरच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) आहेच" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बेघर माणूस त्यात बुडतो. कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, पत्र येतं: तुम्ही मुद्दाम बेघर झालात, किंवा ज्यांना आधी घर द्यायचं त्या प्राधान्यात तुम्ही बसत नाही. हाउसिंग ॲक्ट १९९६ च्या कलम २०२ खाली त्यावर रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागायला २१ दिवस असतात. माणूस भरतो काय, तर वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म. दोन आठवड्यांनी "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं उत्तर, मग दुसरी पायरी, तोवर २१ दिवस कधीच उलटलेले. ओम्बड्समन विचारतो, रिव्ह्यूचा हक्क होता, तो का वापरला नाही? त्याचंही चूक नाही, कायद्यानंच त्याला तसं बांधलंय. तुम्ही पात्र की अपात्र हे तो बदलू शकत नाही. ते रिव्ह्यू अधिकारी बदलतो, नाहीतर कलम २०४ खाली काउंटी कोर्ट. तिथेही २१ दिवस, आणि तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर.

उंबरठा
२१ दिवसांचं शंभर टक्के मान्य. त्यावरून ओम्बड्समन निरुपयोगी ठरवणं मात्र पटत नाही. रिव्ह्यू मागायला आधी निर्णय हातात हवा, आणि बेघर विभागाचा निम्मा छळ निर्णय न देण्यातच असतो. "बेलिफ (घर रिकामं करवणारा कोर्टाचा माणूस) येऊ दे, मग या" म्हणून काउंटरवरूनच परत पाठवतात. कागदच नाही, तर रिव्ह्यू कशाचा? वास्तविक कायद्याची अट हलकी आहे. माणूस बेघर आहे किंवा ५६ दिवसांत होईल असं मानायला कारण दिसलं, की चौकशी सुरू करायलाच हवी. सगळे पुरावे आणल्यावर नव्हे. अशा अडवणुकीवर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन थेट बोट ठेवतो.

दुसरं, चौकशी चालू असताना कलम १८८ खाली मिळणारी तात्पुरती जागा. ती योग्य की अयोग्य यावर २०२ चा रिव्ह्यूच नाही. उरतं ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराला हायकोर्टात आव्हान: वकील आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत. किंवा ओम्बड्समन, जो फुकट आहे.

हॉटेलचं उदाहरण घ्या. मुलं असलेल्या किंवा गरोदर बाई असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये (सामाईक सोयींच्या हॉटेलवजा खोलीत) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून ओम्बड्समनला पत्र लिहिताना "खूप दिवस ठेवलं" असं नको. आत गेल्याची तारीख, ४३ वा दिवस कुठला आणि बाहेर पडल्याची तारीख एवढं लिहा. अयोग्य जागेत काढलेल्या काळासाठी तो साधारण महिन्याला १५० ते ३५० पाउंड सुचवतो.

फाइलवाला
३५० पाउंड! चौघं एका खोलीत, एका किटलीवर स्वयंपाक, आणि महिन्याचे ३५०. शिवाय ती शिफारस, हुकूम नव्हे. आणि तुमच्या ४३ व्या दिवसाला एक भोक आहे. तीच सामाईक मोरी, तेच सामाईक स्वयंपाकघर, पण इमारत कौन्सिलच्या मालकीची असेल तर कायद्याच्या व्याख्येत ते बी अँड बी नाहीच. दिवस मोजत बसा!

उंबरठा
व्याख्येचं बरोबर. पण सहा आठवडे हा एकमेव निकष नाही. इन्शुलिन ठेवायला फ्रिज नाही, व्हीलचेअर दारातून जात नाही, शाळेला दीड तास लागतो, यांवर इमारत कुणाचीही असली तरी जागा अयोग्य ठरू शकते. आणि शिफारस बंधनकारक नसली तरी कौन्सिलं ती जवळजवळ नेहमीच पाळतात. अहवाल कौन्सिलच्या नावानिशी जाहीर होतो ना!

एक महत्त्वाचं राहिलं. कौन्सिलनं घर मिळवून द्यायच्या मुख्य कर्तव्याखाली, म्हणजे कलम १९३ खाली, घर देऊ केलं आणि ते अयोग्य वाटलं, तर रागाच्या भरात नाकारू नका. घ्या आणि रिव्ह्यूही मागा. दोन्ही एकदम करता येतं. नाकारलंत आणि रिव्ह्यूत हरलात, तर कर्तव्यच संपतं.

ओली_भिंत
तुम्ही दोघं एकाच ओम्बड्समनवर भांडताय, आहेत दोन. कौन्सिलच्या भाडेकरूचं गळकं छत, बुरशी, बंद लिफ्ट हे २०१३ पासून हाउसिंग ओम्बड्समनकडे जातं. चुकीच्या दारात गेलं की महिना फुकट.

तिथे जाण्याआधी कौन्सिलकडेच तक्रारीच्या दोन पायऱ्या असतात, आणि त्यांचं घड्याळ पक्कं आहे. पहिली पायरी: पोच ५ कामकाजी दिवसांत, त्यानंतर उत्तर १० दिवसांत. दुसरी: ५ आणि २०. एकूण ४० कामकाजी दिवस, म्हणजे आठ आठवडे. मुदतवाढ धरून फार तर ७०. घोडं अडतं ते पहिल्या फोनवर. गळतीचा पहिला फोन ही 'दुरुस्तीची मागणी' असते, तक्रार नव्हे. लोक दहा फोन करतात आणि कौन्सिलच्या नोंदीत दहा मागण्या चढतात. नियमाप्रमाणे 'तक्रार' हा शब्द वापरायची गरज नाही, तरी ईमेलच्या विषयात तो ठळक लिहाच.

आणि 'नो ॲक्सेस' सांभाळा. मिस्त्री येतच नाही आणि जॉब शीटवर 'नो ॲक्सेस', म्हणजे घरात शिरता आलं नाही, असं पडतं. तपास कागदावरच होतो, तेव्हा ते दोन शब्द तुमच्या विरुद्ध साक्ष देतात. त्याच संध्याकाळी ईमेल टाका: आज ८ ते १२ घरीच होतो, कुणी आलं नाही.

स्पष्टवक्ती
असहमत. बुरशीत पोरं खोकतात तेव्हा ओम्बड्समनचे महिने कुठून आणायचे? लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५ चं कलम ११ आहे, २०१८ चा राहण्यायोग्य घराचा कायदा आहे. वकिलाचं पत्र गेलं की घरमालकानं २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कोर्ट दुरुस्तीचा हुकूमही देतं आणि नुकसानभरपाईही. बरं, एन्व्हायर्नमेंटल हेल्थला (घरातले आरोग्याचे धोके तपासणाऱ्या कौन्सिलच्याच विभागाला) बोलवावं तर कौन्सिल स्वतःलाच नोटीस बजावू शकत नाही!

ओली_भिंत
ताई, जिवावरचं असेल तर कोर्टच, वाद नाही. पण २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाबचा कायदा लागू आहे. रॉचडेलच्या बुरशीच्या घरात २०२० मध्ये दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाचं हे नाव. तातडीच्या धोक्यावर २४ तासांत हालचाल. गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामकाजी दिवसांत, धोका दिसल्यास पुढच्या ५ कामकाजी दिवसांत घर सुरक्षित. ही मुदत चुकली की ओम्बड्समनचं काम सोपं होतं, तारखाच बोलतात.

आणि दारोदार फिरणाऱ्या 'नो विन, नो फी'वाल्यांच्या (दावा जिंकला तरच फी घेणाऱ्यांच्या) कागदावर सही करण्याआधी भरपाईतून किती कापणार ते वाचा. नुसतं वकिलाचं पत्र गेल्यानं ओम्बड्समनचा रस्ता बंद होत नाही. त्याच मुद्द्यावर कोर्टात दावा दाखल झाला की होतो.

नवा_पत्ता
स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या मराठी कुटुंबाला यातलं काय लागू?

फाइलवाला
बेघर विभागाचं घर नाही. त्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई असते, त्यामुळे रिव्ह्यू मागून उपयोग नाही. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर बहुतेकदा पात्र. मुलं असतील तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम १७ खाली सोशल सर्व्हिसेसकडे लेखी मागणी करा. तिथे नकार मिळाला तर २०२ सारखा रिव्ह्यू नाही. आजच छप्पर हवं असेल तर वकील आणि ज्युडिशियल रिव्ह्यू. उशीर किंवा हेळसांड असेल तर तोच लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समन. उंबरठा, इथे तुमची बाजू घ्यावी लागतेय.