झेडपीच्या छोट्या शाळेत आधी काय: इंटरनेटची लाइन की ऑफलाइन साठा?

खडूफळा:
आधी हिशोब मांडतो. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. उरले 9,000. महिना 500 रुपयांचं ब्रॉडबँड जीएसटी धरून 590 ला पडतं, म्हणजे वर्षाचे 7,080. शिल्लक 1,920. त्यात विजेचं बिल, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी सगळं. लोकवर्गणीतून पहिलं वर्ष निघतं. दुसऱ्या वर्षी राउटरवर धूळ.

सिमकार्डाने भागवू म्हणणाऱ्यांसाठी: 480पी दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण 80 एमबी खातो. दहा टॅबवर एकाच वेळी लावला तर 800 एमबी. रोज दीड जीबीचा पॅक दुसऱ्या तासातच संपतो.

तेव्हा माझं म्हणणं असं की वर्गात इंटरनेट नको, साठा हवा. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) किंवा जुना लॅपटॉप, साठ्यासाठी त्याला 256 जीबीची एसएसडी, एक साधा राउटर. ही झाली पेटी. त्यावर कोलिब्री हे ऑफलाइन धडे-स्वाध्याय दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचं, किविक्स या ऑफलाइन वाचकावर मराठी विकिपीडिया ठेवायचा. 200 जीबीत वरच्या मापाचे अडीच हजार व्हिडिओ मावतात. चार वर्गांना ते पुरून उरतील.

तारयंत्र:
कागदावर छान दिसतं. ही पेटी वर्गात कशी मरते तेही लिहा की.

रास्पबेरी पायची सिस्टिम बहुतेक जण एसडी कार्डावरच ठेवतात. वीज अचानक गेली की कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते, आणि आपल्याकडे वीज अचानकच जाते. पाय 4 मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर बंद करून सुरू केल्यावर तारीख चुकते. मग मुलाने मंगळवारी सोडवलेला स्वाध्याय भलत्याच तारखेला नोंदला जातो आणि प्रगतीच्या नोंदींचा काही उपयोग राहत नाही.

तिसरं, आणि सगळ्यात चीड आणणारं: वायफायला इंटरनेट नाही हे अँड्रॉइडला कळलं की तो ते सोडतो किंवा गुपचूप मोबाइल डेटावर जातो. दहापैकी चार टॅबवर पान उघडत नाही. मुलं ओरडतात, बाई गोंधळतात, तास जातो.

शिवाय बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपकडे नेतो, तुमच्या पेटीकडे नाही. 2017 पासून उभ्या असलेल्या व्यवस्थेचं खरं बळच तिथे आहे. पुस्तक छापून झालं तरी कोडमागचं साहित्य बदलता येतं. छपाई पुसट असली तर कोडखालची सहा अक्षरं टाइप करूनही ते उघडतं. ऑफलाइन गेलात की यावर पाणी सोडलं.

खडूफळा:
@तारयंत्र, तिन्हींवर इलाज आहे. सिस्टिम कार्डाऐवजी एसएसडीवर ठेवा आणि नीट बंद करण्यासाठी एक बटण लावा, म्हणजे तार उपटायची सवय मोडते. घड्याळासाठी डीएस3231 नावाचं बोटाएवढं मॉड्यूल मिळतं, नाण्याएवढ्या सेलवर ते वर्षानुवर्षं चालतं. टॅबमधलं सिम काढा, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का' असं विचारलं की 'हो' आणि 'पुन्हा विचारू नका' दाबा. हे प्रत्येक टॅबवर एकदाच करायचं असतं. क्यूआरसाठी धड्याच्या पानावर आपल्या फोल्डरचा क्रमांक पेन्सिलीने लिहिला की झालं.

दीक्षाचं साहित्यही ॲपमध्ये उतरवून ठेवता येतं, सतत लाइन लागत नाही.

दोनशिक्षकी:
लाइन की पेटी यावर भांडताय, पण पहिली ते चौथीला मिळून दोन शिक्षक असलेल्या शाळेत खरी अडचण वेगळी आहे. एका शिक्षकासमोर दोन वर्ग बसतात. तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवताना चौथीची मुलं काय करणार? टॅब उपयोगी पडतो तो इथे. चौथीला वीस मिनिटं असं काम द्यायचं की चूक तिथल्या तिथे दिसावी आणि 'सर, बरोबर आहे का' म्हणून कोणी उठू नये. यासाठी व्हिडिओ निरुपयोगी आहे. वीस मिनिटं व्हिडिओ पाहणारं मूल शांत बसतं, एवढंच. आपोआप तपासला जाणारा स्वाध्याय हवा.

दोन मुलांत एक टॅब, आणि दर पाच गणितांनी हात बदलायचा. तीन मुलांत एक दिला की तिसरं नुसतं बघत राहतं. हेडफोन नसतील तर आवाज पूर्ण बंद. नाहीतर तिसरीची वजाबाकीही गेली.

माणदेशी_मास्तर:
बरोबर. मोठ्या पडद्याबद्दलही कोणीतरी बोला. 43 इंची टीव्ही 80-100 वॉट खातो, प्रोजेक्टर त्याच्या अडीच-तीनपट. एका 150 एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर टीव्ही दिवसभराचे तास काढतो, प्रोजेक्टर शाळा सुटेपर्यंत टिकत नाही. आणि खिडक्या बंद केल्याशिवाय प्रोजेक्टरवर दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत खिडक्या लावून बसून बघा.

पण टीव्ही घेतला की लगेच बालभारतीची पीडीएफ पानभर लावतात. वीस फुटांवरून आरामात वाचायला अक्षर दोन इंच उंच लागतं. 43 इंची पडद्याची उंची जेमतेम 21 इंच. म्हणजे सात-आठ ओळी, त्याहून जास्त नाही. आख्खं पान लावलं तर मागच्या रांगेला मुंग्याच दिसणार. झूम करून एकच परिच्छेद दाखवा, नाहीतर मुलांच्या हातातलं पुस्तक काय वाईट आहे?

वायरमनकडून अर्थिंग आधी तपासून घ्या. कितीतरी शाळांत तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी तारच जोडलेली नसते.

शहाणी_पाटी:
मला खडूफळांची मूळ मांडणीच मान्य नाही. साठा म्हणजे शिक्षण नव्हे, हे पेरूने दाखवून दिलं आहे. तिथे सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले, त्यात सुमारे 200 पुस्तकं भरून दिली, आणि बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. म्हणजे तुमचीच पेटी, फक्त मुलागणिक एक. 300 हून जास्त शाळांचा अभ्यास 2012 साली आला. गणित आणि भाषेत काहीही फरक नाही.

दुसरीकडे माइंडस्पार्क या संगणकावर शिकवणाऱ्या प्रणालीचा दिल्लीतला प्रयोग पाहा. सहावी ते नववीची मुलं, शाळेबाहेरची केंद्रं, साडेचार महिने. प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न मिळत होता, इयत्तेचा नाही. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, नववीतलं साडेचार. 2019 साली निष्कर्ष छापून आले: गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण किती विखुरलेले आहेत त्याचं माप) वाढ. इतक्या थोड्या काळात ही मोठी झेप आहे. उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणारी आणि हजारो मुलांच्या चुकांवरून सुधारत जाणारी अशी प्रणाली बंद पेटीत वाढत नाही.

खडूफळा:
तोच शोधनिबंध नीट वाचा. रोजचं सत्र 90 मिनिटांचं होतं. त्यातली 45 मिनिटं संगणकावर, उरलेली 45 मिनिटं 12 ते 15 मुलांच्या गटाला माणूस शिकवत होता. मग श्रेय कोणाला किती? आणि मूल इयत्तेच्या मागे आहे हे ओळखून त्या पातळीपासून शिकवणं हे तंत्र लाइनशिवाय, खडूवरही जमतं. पेरूत यंत्र दिलं, पण तासात त्याचं काय करायचं ते शिक्षकाला कोणी सांगितलं नाही. दोष साठ्याचा नाही.

शहाणी_पाटी:
खडूवर जमतं, मान्य. 28 मुलांच्या 28 पातळ्या रोज लक्षात ठेवायला दोनशिक्षकी शाळेत वेळ कोणाला आहे, तेवढं सांगा.

दोनशिक्षकी:
वेळेचंच बोलायचं तर शाळेतलं इंटरनेट आजही सगळ्यात जास्त कशाला लागतं? यू-डायस आणि सरल ही सरकारी माहितीची पोर्टलं, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद. विद्यार्थ्यांचं आधार जुळलं नाही की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) पट घटतो आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं, म्हणून ते काम कोणी टाळू शकत नाही. लाइन आली तर आधी यासाठीच वापरली जाईल. शिकवण्यासाठी लाइन हवी असेल तर या नोंदी शिक्षकाकडून काढून घ्या, मग बोलू.

तारयंत्र:
एक मधला मार्ग सुचवतो. मुलांच्या हातात काहीच देऊ नका. प्रत्येकाला कागदी कार्ड द्यायचं. त्यावर छापलेला कोड चार बाजूंनी फिरवला की अ, ब, क, ड. शिक्षक आपल्याच फोनवरच्या ॲपचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाला काय आलं ते अर्ध्या मिनिटात कळतं. डेटा नावापुरता लागतो. फक्त कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, खिडकीचा उजेड परावर्तित झाला की कोड वाचला जात नाही. पुठ्ठ्यावर चिकटवा. आणि कोडवर बोटं येऊ देऊ नका, पहिलीच्या मुलांना हे आठवडाभर सांगावं लागतं.

माणदेशी_मास्तर:
हे आवडलं. लाइन फक्त केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत) ठेवा, तिचा पट मोठा म्हणून अनुदानही जास्त. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला प्रत्येक शाळेने आपली पेटी किंवा पेन ड्राइव्ह आणायचा, नवं साहित्य भरून न्यायचं. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आणा. फॅट-32 या जुन्या पद्धतीवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि कारण न कळल्याने लोक ड्राइव्ह बदलत बसतात.

शहाणी_पाटी:
आणि केंद्रप्रमुखाचं पद रिकामं असलेल्या केंद्रात हे भरून देणार कोण? ज्या शिक्षकाकडे तीन केंद्रांचा प्रभारी कार्यभार आहे, तो?