मदत हवी आहे: नणंदेच्या हातावरचे वण, रविवारी पाहुणे

आर्णीकडची: रविवारी नणंदेला बघायला पाहुणे येऊन राहिले. डाव्या हातावर वण आहेत, जुने-नवे दोन्ही. चार दिवसांत फिके पडतील असं मलम सांगा. तालुक्याच्या मेडिकलात सासऱ्यांची ओळख, तिथं विचारता येत नाही. लवकर सांगा, फोन रात्रीच हाती येतो.

पऱ्हाटी: कोरफडीचा गर. आमची आजी दुसरं काही लावतच नव्हती.

फार्मासिस्टभाऊ: चार दिवसांत कोणताच वण जात नाही. नव्या जखमेवर वणाचं मलम लावायचं नसते. कशाचे आहेत? भाजलं? शेतात लागलं?

आर्णीकडची: शेतात नाही. स्वतःच करून घेते. धुणं पिळताना बाही वर गेली तेव्हा दिसलं. मलम सांगा नं.

बंडूपाटील: लग्न झालं की आपोआप बंद होते. पोरींचं असंच राह्यते.

निशिगंध: पाटील, थांबा जरा. ताई, वय काय? कधीपासून? मरायचं म्हणते का?

आर्णीकडची: बीएच्या शेवटच्या वर्षाला, एकवीस. मरायचं विचारलं नाही. विचारलं तर तेच डोक्यात येईल नं? होस्टेलला मैत्रीण होती. दिवाळीत सासूबाईंनी फोन पाहिला. फोन गेला, कॉलेज बंद. तेव्हापासून. आधी एका मुलाशीही बोलायची, म्हणून सासूबाई म्हणतात सुधारते.

वकीलसाहेब_वर्धा: 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञानांमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. कलम 377 चा तो भाग...

पऱ्हाटी: साहेब, तो निकाल पाहुण्यांना च्यासोबत द्यायचा का?

निशिगंध: विचारल्याने डोक्यात येत नाही, ताई. उलट कुणी विचारलं तर पोरगी मोकळी होते. मी अमरावती जिल्ह्यातली. मला मुलगेही आवडायचे, मुलीही. घरचे म्हणायचे, मग मुलगाच निवड, झालं! मुली म्हणायच्या, तू आमच्यातली नाहीस. तीन वर्षं मीही असंच केलं. मरायसाठी नाही. डोक्यातला गोंगाट घडीभर थांबायचा, मग लाज वाटायची, लाजेपायी पुन्हा तेच.
समलिंगी आणि उभयलिंगी, म्हणजे मुलगे-मुली दोन्ही आवडणाऱ्या, बायांमध्ये स्वतःला इजा करण्याचं प्रमाण जास्त दिसतं, उभयलिंगींमध्ये बहुधा सगळ्यात जास्त. आवडीमुळे नाही होत ते. लपवणं, घरचं बोलणं, उद्याची भीती, त्याने होतं. मरायचं नसलं तरी पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून नाटक समजू नका. शपथा घालू नका, रोज हात तपासू नका. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर आजच कुलपात टाका.

शांतिमार्ग: इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करवा. माझा बीपी उतरला.

फार्मासिस्टभाऊ: बीपीचं कोण विचारून राह्यलं? अशा अवस्थेत दहा दिवस मौनात बसवायचं म्हणजे काय!

बंडूपाटील: नागपुरात एक डॉक्टर अशा पोरी दुरुस्त करतात म्हणे.

फार्मासिस्टभाऊ: दुरुस्त करायला मोटारपंप आहे का ती? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच असल्या उपचाराला गैरवर्तन ठरवलं. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या. टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय डॉक्टरनं घरी सांगायचं नसते. जिवाला धोका असला तर गोष्ट वेगळी.

सौ_आर्वी: गावातल्या आशाताईला विचारा की.

निशिगंध: नको. आशाताई चांगली असेल, पण गाव लहान आहे.

वकीलसाहेब_वर्धा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही, असं लिहिलं आहे. हे तरी कामाचं आहे का?

पऱ्हाटी: हे आहे. यवतमाळात कापसाला काय भाव चालू आहे, कुणी सांगेल का?

आर्णीकडची: काल रात्री विचारलं. मरायचं नाही म्हणाली. मग म्हणाली, "वहिनी, तू धुणं पिळताना पाह्यलं तवाच वाटलं विचारशीन." दोन आठवडे झाले त्याला. औषधाच्या पेटीला कुलूप लावलं. पाहुण्यांचं यांना सांगितलं, पोरीला ताप आहे, पुढं ढकला. हे चिडले, पण ढकललं. आता एकच सांगा. 14416 ला लावला तर मागून घरी फोन येतो का? हा फोन यांचा आहे.

निशिगंध: लागल्याबरोबर पहिलं हेच सांगा, उलट फोन करू नका म्हणून. बोलणं झालं की कॉलयादीतून नंबर पुसा. दुपारी हे शेतात असताना लावा, आणि तिलाच बोलू द्या.