बाहाची गाडी: सगळं स्वतः बनवायचा हट्ट सोडा

उद्यमनगरकर:
परवा कॉलेजची पोरं बाहाच्या गाडीची ड्रॉइंगं घेऊन वर्कशॉपवर आली, पहिलाच प्रश्न काय तर "दादा, गिअरबॉक्स या वर्षी इनहाउस करू ना?" मी नको म्हटलं तर चेहरे पडले, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाहा ही एसएई इंडिया या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेची कॉलेजांसाठीची स्पर्धा, २००७ पासून चाललीय, आमच्या वेळी इंदूरजवळ पीथमपूरला व्हायची. एक माणूस बसेल अशी, खड्ड्यादगडातनं पळणारी गाडी पोरांनीच डिझाइन करून बनवायची, इंजिन मात्र आमच्या वेळी सगळ्यांना सारखंच होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं. शेवटी ४ तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे दमाची रेस. पण त्याआधी टेक इन्स्पेक्शन आणि ब्रेक टेस्ट पास व्हायला लागते, पळत्या गाडीला ब्रेक मारला की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाही झाली तर रेस बघत बसा.

आम्ही २०१७ ला गेलो होतो. गिअरबॉक्स आमचा स्वतःचा, त्यात तीन महिने गेले. गिअर कापून केस हार्डनिंगला (तापवून वरचा थर कडक करायला) दिले, परत आले ते वाकडे होऊन, आणि नंतरच्या ग्राइंडिंगसाठी जादा मटेरियल ठेवायचं असतं हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, म्हणजे अख्खा सेट भंगारात आणि परत पहिल्यापासून. या सगळ्यात ब्रेक बसले कधी, तर निघायच्या आदल्या रात्री. तिथं टेस्टला पुढची दोन चाकं मातीत घासत गेली आणि मागची दोन नुसती फिरत राहिली. पेडल मऊ लागत होतं, ब्लीडिंग केलं (पाइपातली हवा काढली), परत टेस्ट, परत तेच. चौथ्यांदा ब्लीडिंग करताना खाली हात घातला तर मागच्या ब्रेकच्या कॅलिपरला ऑइलचा पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टपाशी ओलं. आम्ही तिथं तांब्याचा जुनाच वॉशर परत लावला होता, तो एकदा दाबला गेला की परत नीट सील करत नाही. पाच-दहा रुपयांची वस्तू. ती बदलून ब्रेक लागेपर्यंत इन्स्पेक्शनची वेळ संपली होती, आमच्या ड्रायव्हरनं हेल्मेट पिशवीत घातलं ते अजून डोळ्यासमोर आहे.

माझं मत सरळ आहे, गिअरबॉक्स महिंद्रा अल्फा या तीनचाकी टेम्पोचा घ्या, स्टिअरिंग रॅक आणि ब्रेक मारुती ८०० चे घ्या, रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा सांगाडा) आणि सस्पेन्शन तेवढं स्वतःचं करा आणि गाडी एक महिना आधी पळवा.

लेथवरचा:
पूर्ण असहमत. दादा, तुम्हीच लिहिलंय की हीट ट्रीटमेंटला गिअर वाकतो, ग्राइंडिंगला मटेरियल ठेवायला लागतं. हे तुम्हाला कुठल्या वर्गात शिकवलं होतं? अल्फाचा डबा बसवला असता तर हे आयुष्यात कळलं नसतं. मी आज गिअरच्याच कारखान्यात आहे आणि ड्रॉइंग हातात आलं की पहिलं हेच बघतो, ते त्या एका भंगार झालेल्या सेटमुळे (आमचाही झाला होता). तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स दहा हॉर्सपॉवरला लावायचा, त्याचं वजन वाहत हिंडायचं आणि डिझाइन राउंडला जज्जनी विचारलं हाच गिअर रेशो का, तर उत्तर "मिळाला म्हणून". याला डिझाइन म्हणत नाहीत, जोडकाम म्हणतात. तुमची गाडी वॉशरमुळे थांबली, गिअरबॉक्समुळे नाही.

उद्यमनगरकर:
वॉशर जुना का राहिला तेही बघा ना. रात्री दोन वाजता बसवला म्हणून राहिला, आणि रात्री दोन वाजले ते गिअरबॉक्समुळे. तीस पोरांनी वर्गणी काढलेली, त्यातल्या काहींच्या घरी ते पैसे सहज नव्हते. शिकलो मान्य, पण दोघं-तिघं शिकली, बाकीच्यांनी गाडी पळताना बघितलीच नाही.

ब्रेक्स_डिपार्टमेंट:
मी आमच्या टीममध्ये ब्रेक बघायची, त्यामुळे हे वाचून पोटात तुटलं. तुम्ही दोघं गिअरबॉक्सवरच भांडताय, पण ब्रेक प्रत्येक टीममध्ये शेवटीच का येतात यावर कुणी बोलत नाही. पेडल रेशो, मास्टर सिलिंडरचा बोअर, लागणारं प्रेशर, माझं सगळं गणित ऑगस्टमध्ये तयार होतं, गाडी हातात मिळाली जानेवारीत, कारण चाक ज्यावर बसतं तो हब नाही, हब नाही कारण सगळे गिअरबॉक्समागे. आणि आमच्याकडे काम चालायचं रात्री. मुलींचं होस्टेल नऊला बंद, म्हणजे माझं ब्रेकचं सर्किट दुसराच कुणीतरी घाईत बसवणार आणि सकाळी मला फक्त "झालं" असा मेसेज. मुलींना कॉस्ट रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन द्यायचं हे तर ठरलेलंच. आम्ही पुढच्या वर्षी एकच बदल केला, काम सकाळी सात ते रात्री साडेआठ, आणि ज्यानं डिझाइन केलं त्यानंच बसवायचं. ब्रेक डिसेंबरात लागले आणि गिअरबॉक्स इनहाउसच होता. त्यामुळे माझं मत लेथवरचा यांच्या बाजूनं झुकतं, पण स्वतः करा म्हणताना कोण करणार आणि किती वाजता हे पण सांगा.

चाळीस_वर्षं_शिकवलं:
एक वेगळं उदाहरण देतो. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम' उपग्रह २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. वजन किलोच्या आत, काम सुरू झालं होतं २००८ च्या सुमारास. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ती मुलं पास होऊन नोकरीला लागली आणि मग तो उडाला. त्याला दिशा धरायला मोटर नाही की चाक नाही, आत कायमचा चुंबक बसवलाय, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे तो स्वतःला वळवून घेतो. मला यातलं हे भावतं की काय करायचं नाही हे मुलांनी ठरवलं, म्हणून बाकीचं करायला ताकद उरली. उद्यमनगरकरांचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. आणि पुढच्या बॅचला लिहून दिल्याशिवाय इतकी वर्षं काम टिकत नाही. मी कित्येक प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले, सोनेरी अक्षरांचे काळे बाइंडिंग, आत सगळं यशस्वी, कुठं काय तुटलं त्याची एक ओळ नाही, मग दर वर्षी नवीन पोरं त्याच खड्ड्यात.

लेथवरचा:
सर, आदरानं सांगतो, स्वयमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चुंबकाची युक्ती त्यांनी विचार करून निवडली, भंगार बाजारात मिळाली म्हणून नाही घेतली. सोपं डिझाइन करणं वेगळं आणि तयार घेणं वेगळं. लिहून ठेवण्याबद्दल मात्र शंभर टक्के, आमच्या वाकड्या गिअरचे फोटो पुढच्या बॅचला दिले असते तर त्यांचा सेट वाचला असता. नाही दिले आम्ही, लाज वाटली.

उद्यमनगरकर:
हे खरंय. आमच्या रिपोर्टमध्ये "ब्रेक टेस्ट वेळेअभावी होऊ शकली नाही" एवढंच आहे, वॉशरचं नावसुद्धा नाही. ब्रेक्स_डिपार्टमेंट यांनी लिहिलं तसं आमच्यातही झालं होतं, ब्रेक बघणारी मुलगी त्या रात्री वर्कशॉपमध्ये नव्हती, का नव्हती हे मला आज वाचून कळलं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्या टीमनं गिअरबॉक्स विकतच घ्यावा यावर मी ठाम आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा खुशाल.

सेकंड_इयर_मेक:
दादा, परवा आलेल्यातला मी एक. आम्ही पहिल्यांदाच चाललोय, टीममध्ये अजून भांडण सुरू आहे. पण एक विचारायचं होतं, तांब्याचा वॉशर जुना आहे हे कसं ओळखायचं?

ब्रेक्स_डिपार्टमेंट:
ओळखत बसू नकोस. बँजो बोल्ट उघडला की दोन्ही बाजूंचे दोन्ही वॉशर नवीन टाकायचे, प्रत्येक वेळी. साइज बोल्टवर लावून बघ, स्पेअर पार्टच्या दुकानात मोकळे मिळतात, वीस-पंचवीस घेऊन डबीत ठेव. घट्ट केल्यावर कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांग आणि जॉइंटला कोरडा टिश्यू लाव, पाच मिनिटांनी बघ. आणि हे वहीत लिही, तारखेसकट.